तीन चौकश्या, एक कलश

१८ ऑगस्ट १९४५ रोजी दुपारी अडीचच्या सुमारास तैहोकू, म्हणजे आजच्या तैपेईच्या विमानतळावरून उडालेले जपानी लष्कराचे एक बॉम्बफेकी विमान काही क्षणांतच कोसळले. विमानात नेताजी सुभाषचंद्र बोस होते. त्यांच्यासोबत कर्नल हबीबुर रहमान हे एकच भारतीय सहकारी होते. पेट्रोलने भिजलेल्या कपड्यांनी पेट घेतल्याने बोस गंभीर भाजले आणि त्याच रात्री तिथल्या लष्करी इस्पितळात वारले. दहन तैहोकूतच झाले. सप्टेंबरमध्ये अस्थी टोकियोला नेऊन रेंकोजी या बौद्ध मंदिरात ठेवण्यात आल्या. ही झाली अधिकृत हकीकत. तिची शहानिशा करण्यासाठी स्वतंत्र भारताने तीन चौकश्या नेमल्या. त्यांपैकी दोन चौकश्यांनी ती खरी मानली, तिसरीने नाकारली आणि तिसरीचा अहवाल सरकारने नाकारला. संशयास्पद मृत्यूंभोवती कटाच्या कथा कशा उभ्या राहतात, हे समजून घ्यायला भारतात याहून ठसठशीत उदाहरण नाही.

बातमी आली तेव्हा ती अनेकांना खरी वाटली नाही, आणि त्यात वेडेपणा काही नव्हता. बोस यांनी एकदा साऱ्या ब्रिटिश पोलिसांच्या हातावर तुरी दिल्या होत्या. जानेवारी १९४१ मध्ये कोलकात्यात नजरकैदेत असताना ते रात्री घरातून निसटले, पठाणी वेषात पेशावरमार्गे काबूलला पोहोचले आणि तिथून इटालियन पासपोर्टवर बर्लिनला गेले. घरातून ते गेल्याचे सरकारला कळायला कित्येक दिवस लागले. पुढच्याच वर्षी, मार्च १९४२ मध्ये, ते विमान अपघातात ठार झाल्याची बातमी जगभर पसरली. गांधीजींनी त्यांच्या मातोश्रींना सांत्वनाची तारही पाठवली. बातमी खोटी होती. बोस यांनी नंतर रेडिओवरून स्वतःच ती खोडून काढली. अशा माणसाच्या मृत्यूची बातमी तीन वर्षांनी पुन्हा आली. तीही विमान अपघाताचीच, पाच दिवस उशिरा, आणि शरण गेलेल्या जपानच्या वृत्तसंस्थेकडून. व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनाही ती चटकन पटली नव्हती. १९४६ च्या सुरुवातीला खुद्द गांधीजींनी सुभाषबाबू जिवंत असावेत असे वाटत असल्याचे बोलून दाखवले होते. पुढे त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले.

शंकेला जागा ठेवणाऱ्या गोष्टी अपघाताच्या हकीकतीतही होत्या. मृतदेहाच्या चेहऱ्याचे छायाचित्र नाही. एकही नातेवाईक तिथे नव्हता. मूळ मृत्युदाखला कुणालाच दाखवता आला नाही, आणि तैपेईच्या दहनाच्या नोंदीत बोस यांचे नाव नाही. तिथे इचिरो ओकुरा या जपानी सैनिकाचे नाव आहे, मृत्यूचे कारण हृदयविकार. गुप्तता राखण्यासाठी लष्कराने दुसऱ्याचे नाव लावले, असे एका तैवानी कारकुनाने सांगितले होते. संशय घेणाऱ्यांच्या मते ओकुरा खरोखरच होता आणि रेंकोजीतल्या अस्थी त्याच्याच. शिवाय विमान निघाले होते मांचुरियातल्या दायरेनकडे, आणि मांचुरियात सोव्हिएत फौजा त्याच महिन्यात घुसल्या होत्या. बोस रशियात पोहोचले आणि स्टॅलिनच्या कैदेत पडले, ही सर्वांत चिवट कथा याच दिशेतून निघाली.

देह न दिसलेला मृत्यू महाराष्ट्राला अनोळखी नाही. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांचा म्हणून जो देह दहन केला गेला त्याच्या ओळखीबद्दल शंका राहिली आणि पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य मानले नाही. काही वर्षांनी भाऊसाहेब म्हणवणारा एक जण उपटला. त्याला पकडून कैदेत टाकले गेले. मात्र १७७६ मध्ये रत्नागिरीच्या सुभेदारानेच त्याला सोडवून पुढे केले. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले आणि फौज जमली. शेवटी पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाचा विषय हाच. यातली वेळ पाहण्याजोगी आहे. नारायणराव पेशव्यांचा घरातच खून झाला होता, गादीवर तान्हे मूल होते आणि कारभार बारभाईंच्या हाती होता. भाऊसाहेब परत यावेत असे वाटायला लोकांना कारण होते, आणि पुण्याचा कारभार सांगेल ते खरे मानायला कारण नव्हते. मृत्यूचा पुरावा अपुरा असणे ही एक गोष्ट आणि सांगणाऱ्यावर विश्वास नसणे ही दुसरी. दोन्ही एकत्र आल्या की तोतयाला फौज मिळते.

नेताजींच्या बाबतीत दुसरी गोष्ट सरकारांनी आपल्या हाताने वाढवली. १९४५-४६ मध्ये ब्रिटिशांनी आपल्या गुप्तचरांकडून चौकशी करून मृत्यू झाल्याचा निष्कर्ष काढला होता. तो भारतीयांना पटण्याचा प्रश्नच नव्हता. अखेर १९५६ मध्ये नेहरू सरकारने शाहनवाज खान यांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची समिती नेमली. शाहनवाज आझाद हिंद सेनेचे सेनानी, लाल किल्ल्यातल्या खटल्यातले आरोपी; पण तोवर ते काँग्रेसचे खासदार आणि संसदीय सचिव झाले होते. समितीने हबीबुर रहमान, अपघातातून वाचलेले जपानी अधिकारी, उपचार करणारे डॉ. योशिमी अशा ६७ साक्षी घेतल्या. तैवानशी राजनैतिक संबंध नसल्याने समिती अपघाताच्या जागी मात्र गेलीच नाही. दोन सदस्यांनी अपघात खरा मानला. तिसरे सदस्य, नेताजींचे थोरले बंधू सुरेशचंद्र बोस यांनी सही करायला नकार देऊन स्वतःचा वेगळा अहवाल लिहिला. घरच्याच माणसाने अहवाल फेटाळल्यावर बाहेरच्यांनी तो का मानावा?

१९७० मध्ये न्यायमूर्ती गोपालदास खोसला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. गांधी हत्येच्या खटल्यातले अपील ज्या खंडपीठापुढे चालले, त्यात हेच खोसला होते. त्यांनी २२४ साक्षी तपासल्या, तैवानलाही ते गेले आणि १९७४ मध्ये अपघाताचाच निष्कर्ष दिला. त्याच सुमारास त्यांनी इंदिरा गांधींचे चरित्रही लिहिले. या एका पुस्तकाने टीकाकारांना जो मुद्दा दिला, तो २२४ साक्षींना पुसता आला नाही. नंतर सरकार बदलले आणि १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगून टाकले की आधीचे दोन्ही निष्कर्ष निर्णायक मानता येत नाहीत. नवा पुरावा काय मिळाला ते काही सांगितले नाही. १९९२ मध्ये नेताजींना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा मृत्यूच सिद्ध नसताना मरणोत्तर कसे, म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा रद्द समजावी असे सांगितले.

तिसरी चौकशी न्यायमूर्ती मनोजकुमार मुखर्जी यांची. कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९९ मध्ये आयोग नेमला गेला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये त्याने अहवाल दिला. नेताजी आता हयात नाहीत, पण त्यांचा मृत्यू विमान अपघातात झाला नाही आणि रेंकोजीतल्या अस्थी त्यांच्या नाहीत, असा तो निष्कर्ष होता. त्या काळातल्या अशा अपघाताची नोंद आपल्याकडे नाही, हे तैवान सरकारचे उत्तर आयोगाने महत्त्वाचे मानले. हा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये तैहोकू जपानी लष्कराच्या ताब्यात होते. चिनी प्रशासन आले ते ऑक्टोबरमध्ये. पराभूत लष्कराच्या अपघाताची नोंद नंतर आलेल्या सरकारच्या दप्तरात सापडली नाही, तर त्यात नवल काय? सरकारने मे २००६ मध्ये अहवाल संसदेत मांडला आणि तो आपल्याला मान्य नाही एवढे सांगून विषय संपवला. अमान्य करण्याची कारणे तपशीलवार मांडण्याची तसदी घेतली नाही. ज्यांना आधीपासून संशय होता, त्यांच्या दृष्टीने याहून मोठा कबुलीजबाब दुसरा नव्हता.

दरम्यान लोकांनी आपले नेताजी शोधून काढले होते. १९६० च्या दशकात उत्तर बंगालमधल्या शौलमारी आश्रमाचे साधू तेच असल्याची वदंता पसरली. त्याहून टिकाऊ ठरली ती फैजाबादच्या गुमनामी बाबांची कथा. पडद्याआडून बोलणारे हे बाबा सप्टेंबर १९८५ मध्ये वारले. त्यांच्या खोलीत नेताजींच्या कुटुंबाची छायाचित्रे, पुस्तके, पत्रे निघाली. हस्ताक्षरतज्ज्ञांत मतभेद झाले. दातांची डीएनए तपासणी जुळली नाही. मुखर्जी आयोगाला बाबा म्हणजे नेताजी असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही, पुढे उत्तर प्रदेशाने नेमलेल्या न्यायमूर्ती विष्णू सहाय आयोगानेही ते नेताजी नव्हेत असे म्हटले. कथेवर याचा परिणाम शून्य.

अशा कथा पुराव्याने का मरत नाहीत, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. सामान्य शंका उत्तर मिळाले की संपते. कटाची कथा उत्तरच पोटात घेते. साक्षीदार अपघात सांगतो, तर त्याला गप्प राहण्याची शपथ घातलेली. हबीबुर रहमान यांच्याबद्दल नेमके हेच म्हटले गेले, ते पुढे पाकिस्तानात स्थायिक झाले आणि तिथून येऊन १९५६ मध्ये साक्ष दिली तरीही. कागद सापडला तर बनावट, सापडला नाही तर जाळला. यात मनाचीही एक ओढ आहे. ज्याने जर्मनीहून आशियापर्यंत पाणबुडीतून प्रवास केला, तो इंजिनातल्या बिघाडाने जाईल हे मान्य करायला मन राजी होत नाही. मोठ्या माणसाला मोठेच मरण हवे असते, आणि ते नसेल तर त्यामागे मोठा हात तरी हवा. बंगालमध्ये त्याला आणखी एक किनार होती: नेताजी परतले असते तर फाळणी टळली असती, हा विचार.

पण सगळा दोष भोळ्या मनाला देऊन चालणार नाही. एप्रिल २०१५ मध्ये उघड झाले की गुप्तचर विभाग १९४८ पासून १९६८ पर्यंत बोस कुटुंबावर पाळत ठेवून होता. नेताजींचे पुतणे शिशिरकुमार आणि अमियनाथ यांची पत्रे फोडून वाचली जात होती. त्या वीस वर्षांपैकी सोळा वर्षे नेहरूच पंतप्रधान होते. माणूस १९४५ मध्ये मेला अशी सरकारची खात्री होती तर पुतण्यांची पत्रे कशासाठी वाचली, हा प्रश्न कोणालाही पडेल. कोलकात्यातल्या राजकारणावर नजर ठेवण्याची ब्रिटिशांपासून चालत आलेली सवय हे त्याचे साधे उत्तर असू शकते. साधी उत्तरे वेळेवर आली तरच उपयोगी पडतात. परराष्ट्रांशी संबंध बिघडतील असे कारण देत फायली दशकानुदशके बंद ठेवल्या गेल्या, आणि बंद फाईलमध्ये काय आहे ते प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे लिहिले.

लालबहादूर शास्त्रींच्या मृत्यूबाबत हीच चूक छोट्या प्रमाणात झाली. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजी हृदयविकाराने गेले. परदेशात, कराराच्या रात्री, देशाचा पंतप्रधान मरण पावतो आणि शवविच्छेदन होत नाही. अंग निळे पडल्याचे कुटुंबीयांनी सांगितले. याआधीही त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, त्यामुळे डॉक्टरांचे निदान अशक्य मुळीच नव्हते. तरीही २००९ मध्ये माहिती अधिकाराखाली विचारणा झाली, तेव्हा पंतप्रधान कार्यालयाने आपल्याकडे एकच गोपनीय कागद असल्याचे सांगून तो द्यायला नकार दिला. विषप्रयोगाच्या कथेला त्या एका कागदाने जितके बळ दिले, तितके दुसऱ्या कशाने दिले नसेल.

नेताजींच्या फायली शेवटी उघडल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये पश्चिम बंगालने ६४ फायली खुल्या केल्या, २३ जानेवारी २०१६ ला केंद्राने पहिल्या शंभर. त्याच वर्षी जपानने १९५६ चा आपला चौकशी अहवाल जाहीर केला. त्यातही अपघात आणि त्याच रात्री मृत्यू असेच होते. कट सिद्ध करणारा कागद कुठेच निघाला नाही. उलट सरकारी खात्यांनी तीच हकीकत वेळोवेळी खरी मानून कारभार केल्याचे दिसले. २०१७ मध्ये गृह मंत्रालयाने माहिती अधिकाराच्या उत्तरात मृत्यू अपघातात झाल्याचे लिहिले, तेव्हा कुटुंबातल्याच काहींनी निषेध केला. फायली उशिरा उघडल्या की त्यात काही न निघणेसुद्धा संशयास्पद ठरते.

उपलब्ध पुरावा तटस्थपणे तोलला तर पारडे अपघाताकडेच झुकते. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या देशांत, परस्परांशी संबंध न उरलेल्या प्रवाशांनी आणि डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली. तपशिलात फरक आहेत, गाभ्यात नाहीत. रशियातल्या कैदेचा किंवा फैजाबादच्या वास्तव्याचा तशा तोडीचा एकही पुरावा पुढे आलेला नाही. नेताजींची कन्या अनिता बोस फाफ अपघाताची हकीकत मान्य करतात. अस्थींची डीएनए चाचणी करावी आणि त्या भारतात आणाव्यात, अशी मागणी त्यांनी वारंवार केली आहे. नेहरूंपासून वाजपेयींपर्यंत अनेक पंतप्रधानांनी रेंकोजी मंदिराला भेट दिली. अस्थी भारतात आणण्याचा निर्णय मात्र त्यांच्यापैकी कोणीही घेतला नाही.