नाणेघाट : माथ्यापर्यंत सायकल, पुढे पायी

सह्याद्रीतली एखादी घाटवाट आज शांत असते ती रहदारी दुसरीकडे वळली म्हणून, वाट कमी महत्त्वाची म्हणून नव्हे. नाणेघाट पाहा. सातवाहनकाळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच खिंडीतून जुन्नरला चढायचा. खिंडीतल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरले आहेत आणि भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं परंपरा सांगते. आता कल्याण-नगर वाहतूक माळशेज घाटाने जाते, म्हणून इथल्या दगडी पायऱ्या चालणाऱ्यांसाठी उरल्या आहेत.

माळशेजमधून गाडीने गेलं तरी हाच सह्याद्री दिसतो, असं कुणी म्हणेल. दिसतो, पण कड्यांच्या सलग भिंतीत चढायला जागा नेमकी कुठे सापडली, लादलेली जनावरं कुठे दम खात असतील, पाण्याची टाकी तिथेच का खोदली, हे पावलांच्या वेगानेच उलगडतं. दगडी घाटात सायकल चालणार नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. खिंडीतल्या पायऱ्यांवर ती नेऊच नये. जुन्नरहून घाटघरमार्गे माथ्याजवळ रस्ता पोचतो, तिथे सायकल ठेवून लेण्यापर्यंत पायी उतरावं. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, सुट्टीच्या दिवशी गर्दीही उसळते. हिवाळ्यात आठवड्याच्या मधला वार निवडा, आणि लेखाच्या अक्षरांना कृपया हात लावू नका.