खेळायला घेणाऱ्यांनीही शिकायचे असते

मैदानावर पकडापकडी रंगात आली आहे आणि एक स्वमग्न मूल कडेला उभे आहे. त्याला खेळायचेच नाही, असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. पुष्कळदा त्याला खेळायचे असते, पण चालू खेळात शिरायचे कसे, हे उमगत नाही. इतर मुले जे बघून बघून उचलतात, ते वर्तनोपचारात पायऱ्या पाडून शिकवतात. आधी खेळणाऱ्यांजवळ जायचे, डाव संपेपर्यंत थांबायचे, मग ‘मी येऊ का?’ म्हणायचे, बोलता येत नसेल तर चित्राचे कार्ड दाखवायचे. सुरुवातीला थेरपिस्ट शब्द सुचवतात, पुढे नुसती खूण करतात, नंतर तीही थांबवतात. जमलेल्या प्रत्येक पायरीला लगेच शाबासकी मिळते. सर्वांत मोठे बक्षीस म्हणजे खेळायला मिळणे, आणि नेमके तेच थेरपिस्टच्या हातात नसते. ‘ये’ म्हणायचे की नाही, हे बाकीची मुले ठरवतात. म्हणून एकट्या मुलाला शिकवून भागत नाही. भोवतीच्यांनाही शिकावे लागते.

संशोधनही हेच सुचवते. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी 1987 मध्ये आठवड्याला सुमारे 40 तास उपचार घेतलेल्या 19 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतली 9 मुले सर्वसाधारण वर्गात बसू लागली आणि जगभरच्या पालकांना आशा वाटली. मात्र तेव्हा यशाची मोजपट्टी एकच होती: मूल इतरांसारखे किती झाले. 2012 मध्ये कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या 60 स्वमग्न मुलांचा अभ्यास मांडला. काही ठिकाणी थेट त्या मुलाला शिकवले, काही ठिकाणी एकट्या पडणाऱ्या मुलांना सामावून कसे घ्यायचे, हे वर्गमित्रांना शिकवले. वर्गमित्र शिकले तिथे ही मुले मैदानावर कमी वेळ एकटी दिसली आणि त्यांना मित्र म्हणणारी मुलेही वाढली. गोवा आणि रावळपिंडी इथल्या 65 मुलांच्या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला शिकवले. हा काटेकोर अर्थाने वर्तनोपचार नव्हता; तरी पालक बदलले तशी मुले आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली.

यावर एक रास्त आक्षेप येतो: जग थोडेच बदलणार आहे? मुलाला जगात वावरायला शिकवलेच पाहिजे. पाहिजेच. मदत मागणे, पाळीची वाट पाहणे, ‘नको’ म्हणणे ही कौशल्ये त्याच्या आयुष्यभर कामी येतील. पण डोळ्याला डोळा भिडवण्याची सक्ती कुणाच्या कामाची? नजर भिडवली की ऐकण्यावरचे लक्ष उडते, असे अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये असे मांडले की, गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. आपल्यालाही ही मुले कळत नाहीत.

उलट बाजूचे टीकाकार म्हणतात, वर्तनोपचारच बंद करा. या रागाला इतिहास आहे: 1960च्या दशकात लोव्हास यांच्या प्रयोगांत मुलांना विजेचे झटकेही दिले गेले. हे विसरता कामा नये. पण पायऱ्या पाडून शिकवण्यात दोष नाही; दोष त्या शिक्षेत होता, आणि मुलाचे वेगळेपण पुसण्याच्या उद्दिष्टात होता. स्वमग्न मुलांना सर्वांसोबत शिकता यावे, ही जबाबदारी भारतातल्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळांवर टाकली आहे. ती निभवायची तर वर्गमित्रांची तयारी हा उपचाराचाच भाग मानायला हवा. थेरपीच्या वहीत मुलाने किती वेळा ‘मी येऊ का?’ विचारले, याची नोंद असते. तिच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: त्याला किती वेळा ‘ये’ असे उत्तर मिळाले?