बँडचं नाव ‘काय’, गाणं गावाकडच्या बोलीत, तरी स्वीडनने त्यांनाच युरोव्हिजनला कसं पाठवलं?

बँडचं नाव काय? तर ‘काय’.

विनोद नाही. केविन, अ‍ॅक्सेल आणि याकोब या तीन मित्रांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून हे नाव तयार झालं आणि स्वीडिशमध्ये त्याचा उच्चार होतो ‘काय’. हे तिघे स्वीडनचे नाहीतच, ते आहेत शेजारच्या फिनलंडमधले. त्यांचं गाणं कशावर? सौना घेण्यावर, म्हणजे तापलेल्या लाकडी खोलीत घाम गाळत बसण्यावर. आणि ते गायलं कुठल्या भाषेत? आपल्या गावाकडच्या बोलीत.

८ मार्च २०२५ ला या तिघांनी स्वीडनमधली सगळ्यात मोठी टीव्ही स्पर्धा जिंकली. हरवलं कोणाला, तर मोन्स सेल्मर्लेव याला. हा गडी २०१५ साली स्वीडनसाठी युरोव्हिजन जिंकून आलेला आणि या वेळी पण तोच जिंकणार असं सगळे धरून चालले होते.

मग हे झालं कसं? त्यासाठी आधी ही स्पर्धा समजून घ्यायला पाहिजे.

स्पर्धेआधीची स्पर्धा

युरोव्हिजन १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानो शहरात सात देशांना घेऊन सुरू झाली. नियम साधा. प्रत्येक देशाने एक गाणं पाठवायचं आणि सगळ्यांनी एकमेकांच्या गाण्यांना गुण द्यायचे. मात्र प्रेक्षकांना आपल्याच देशाच्या गाण्याला मत देता येत नाही.

आता ते एक गाणं निवडायचं कोणी? काही देशांत टीव्ही वाहिनी थेट गायक ठरवून मोकळी होते. स्वीडनमध्ये त्यासाठी वेगळी स्पर्धा होते. तिचं नाव मेलोडिफेस्टिवालेन, लोक लाडाने ‘मेलो’ म्हणतात. ती घेते एसव्हीटी ही सार्वजनिक वाहिनी. २००२ पासून मेलो शहराशहरांत फिरते. वेगवेगळ्या शनिवारी वेगवेगळ्या शहरांत प्राथमिक फेऱ्या होतात आणि शेवटी स्टॉकहोमला खेटून असलेल्या सोल्ना इथल्या मोठ्या स्टेडियममध्ये फायनल. २०२५ मध्ये एकूण ३० गाणी होती, त्यातली १२ फायनलला पोहोचली.

या स्पर्धेचा इतिहासही तगडा आहे. १९७३ मध्ये आब्बाचे चौघे मेलोत उतरले आणि तिसरे आले. पुढच्या वर्षी परत आले, ‘वॉटर्लू’ घेऊन. या वेळी मेलो जिंकली, नंतर युरोव्हिजनही जिंकलं आणि पुढे ते जगभर गाजले. म्हणजे आदल्या वर्षी घरच्या परीक्षकांनी ज्यांना मागे ठेवलं होतं, त्यांनीच स्वीडनला पहिलं युरोव्हिजन जिंकून दिलं.

खरी मेख मतमोजणीत आहे

आपल्याकडे रिअ‍ॅलिटी शोमध्ये एसएमएसचा जमाना होता. ज्याच्या मागे जास्त माणसं, जास्त फोन आणि जास्त बॅलन्स, त्याचं पारडं जड. गाणं कसं झालं हा मुद्दा मागे पडायचा. मेलोने यावर दोन उपाय काढले.

पहिला उपाय, परीक्षक बाहेरचे. फायनलमधले निम्मे गुण परदेशी परीक्षकांच्या हातात असतात. कारण सरळ आहे. युरोव्हिजनमध्ये स्वीडिश माणूस स्वीडनला मत देऊ शकत नाही. गाणं फक्त घरी आवडून भागत नाही, ते शेजाऱ्यांना आवडायला लागतं.

दुसरा उपाय जास्त भारी आहे. लोकांची मतं अ‍ॅपवरून फुकट देता येतात आणि २०१९ पासून ती वयानुसार वेगळी मोजली जातात. ३ ते ९, १० ते १५, १६ ते २९, ३० ते ४४, ४५ ते ५९, ६० ते ७४ आणि ७५ च्या पुढचे असे सात गट. आठवा गट फोनवरून मत देणाऱ्यांचा. प्रत्येक गटाच्या हातात सारखेच गुण.

याचा अर्थ काय होतो बघा. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलांनी दिवसभर अ‍ॅपवर मतांचा पाऊस पाडला तरी त्यांच्या गटाचे गुण तेवढेच राहतात. पंचाहत्तरीच्या आजी-आजोबांची मतं संख्येने कमी असली तरी त्यांच्या गटाचं वजन तितकंच. म्हणजे लोकांच्या बाजूने पुढे जायचं असेल तर नातवापासून आजीपर्यंत सगळ्यांना आवडायला लागतं.

स्वीडिश स्पर्धेतून स्वीडिशच गायब

या सगळ्या खटपटीचा एक परिणाम मात्र वेगळाच झाला. १९९९ मध्ये युरोव्हिजनने आपल्याच देशाच्या भाषेत गाण्याची सक्ती काढली. त्याच वर्षी स्वीडनने इंग्रजी गाणं पाठवलं आणि जिंकलं. मग काय, हिशोब पक्का झाला. परदेशात आवडायचं असेल तर इंग्रजीत गायचं. मेलोत स्वीडिश गाणी येत राहिली, पण १९९८ नंतर युरोव्हिजनच्या मंचावर स्वीडनकडून एकही स्वीडिश गाणं गेलं नाही. या काळात स्वीडनने १९९९ धरून चार वेळा युरोव्हिजन जिंकलं, त्यामुळे तक्रार तरी कोण करणार?

आणि मग २०२५ मध्ये आले ‘काय’.

हे तिघे फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या व्योरो या छोट्या गावाकडचे. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता, त्यामुळे तिथे आजही साधारण ५ टक्के लोकांची मातृभाषा स्वीडिश आहे. पण व्योरोची स्वीडिश म्हणजे पुस्तकातली स्वीडिश नाही. पुण्यात बसून वऱ्हाडी किंवा मालवणी ऐकताना एखादा शब्द अडतो ना, तसं स्टॉकहोमच्या माणसाचं या बोलीत होतं. ‘काय’ २००९ पासून याच बोलीत विनोदी गाणी करत होते.

फायनलला परदेशी परीक्षकांनी सेल्मर्लेवला पुढे ठेवलं होतं. लोकांच्या मतांनी मात्र निकाल फिरवला. ‘काय’ला १६४ गुण, सेल्मर्लेवला १५७. फक्त सात गुणांचा फरक. मतं सरसकट मोजली असती किंवा वयानुसार, लोकांची पसंती स्पष्ट होती. आणि २७ वर्षांनी युरोव्हिजनला स्वीडनचं स्वीडिश गाणं गेलं, तेही फिनलंडच्या गावबोलीतलं.

स्पेनमध्ये नेमकं उलटं झालं होतं

आता वाटेल, लोकांवर सोडलं की छोट्या भाषांचं भलं होतं. पण तीन वर्षं आधीचं स्पेन बघितलं तर गोष्ट एवढी सोपी राहत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये स्पेनने बेनिडॉर्म फेस्ट नावाने अशीच स्पर्धा घेतली. ‘तान्शुगेइरास’ या तिघींनी गालिसियन भाषेत गाणं म्हटलं. टीव्ही बघणाऱ्यांची ७० टक्क्यांहून जास्त मतं त्यांना मिळाली. जिंकली मात्र शानेल नावाची गायिका, जिला या मतांतली ४ टक्केही मिळाली नव्हती. कारण तिथे निम्मे गुण परीक्षकांचे, पाव गुण सर्वेक्षणासाठी निवडलेल्या प्रेक्षकांचे आणि फक्त पाव गुण मत पाठवणाऱ्या लोकांचे होते. शिवाय ७० टक्के मतं मिळाली काय आणि ३० टक्के मिळाली काय, पहिल्या नंबरचे गुण ठरलेलेच. ‘तान्शुगेइरास’ तिसऱ्या आल्या.

देशात गदारोळ झाला. प्रकरण संसदेत गेलं. आणि सोशल मीडियावर लोकांनी राग काढला तो शानेलवर. नियम तिने बनवले नव्हते, गुण तिने दिले नव्हते, तिने फक्त गाणं म्हटलं होतं. पण इतकी शिवीगाळ झाली की तिने ट्विटर सोडलं.

मे महिन्यात हीच शानेल तुरिनला गेली आणि युरोव्हिजनमध्ये तिसरी आली. १९९५ नंतरची स्पेनची ती सगळ्यात चांगली कामगिरी होती. शिव्या घालणारे बरेच जण मग कौतुकाला लागले.

मग बरोबर कोण, लोक की परीक्षक?

‘काय’ बासेलला गेले तेव्हा सट्टाबाजाराने त्यांना पहिल्या नंबरवर ठेवलं होतं. १७ मे २०२५ ला ते ३२१ गुण घेऊन चौथे आले, जिंकलं ऑस्ट्रिया. म्हणजे स्पेनमध्ये परीक्षकांनी निवडलेली गायिका तिसरी आणि स्वीडनमध्ये लोकांनी निवडलेला बँड चौथा. दोन्ही देशांचं बरंच चाललं. त्यामुळे या निकालांवरून लोक शहाणे की परीक्षक शहाणे हे ठरवता येत नाही.

ठरतं ते एवढंच की निकाल मतांइतकाच मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. कोणाला किती वजन द्यायचं, हे गाणी वाजायच्या आधी ठरलेलं असतं. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या शोमध्ये आवडता गायक हरला, तर जिंकणाऱ्याच्या कमेंट बॉक्समध्ये घुसायच्या आधी नियमांचं पान वाचावं. भांडायचंच असेल तर भांडण त्या पानाशी असतं, समोरच्या गायकाशी नसतं.