१०८ ची गाडी कोणाची?

गटाच्या बैठकीत १०८ चा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, ती गाडी कंपनी चालवते म्हणतात. मग पैसे लागत असतील ना?" या एका शंकेपायी अडल्या वेळी घरची माणसं आधी ओळखीची जीप शोधत बसतात. जीपवाला मागेल ते भाडं द्यावं लागतं, आणि वाटेत पेशंटला दम लागला तर जीपमध्ये ऑक्सिजन कुठून येणार? म्हणून आज हा प्रश्न नीट समजून घेऊ.

आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. सुरुवातीला राज्यभर ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यातल्या २३३ गाड्या अतिगंभीर रुग्णांसाठी आणि ७०४ गाड्या प्राथमिक उपचारांसाठी. गाडीत ड्रायव्हरसोबत डॉक्टर असावा, अशी ही योजना आहे. या गाड्या चालवण्याचं काम सरकारने तेव्हा करार करून बीव्हीजी या पुण्याच्या खासगी कंपनीला दिलं. म्हणजे सेवा सरकारची, पैसा सरकारचा, रोजचं चालवणं कंपनीचं. पेशंटने एक रुपयाही द्यायचा नाही. करार संपतो, कंपनी बदलू शकते, पण नंबर तोच आणि आपला हक्कही तोच.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. शाळेतली खिचडी आठवा. कितीतरी गावांत ती बचत गटाच्या बायका शिजवतात. तांदूळ सरकारचा, हात आपले. मुलांकडून कोणी पैसे घेत नाही. आणि खिचडी कच्ची राहिली तर शाळा व्यवस्थापन समिती गटाला जाब विचारते. १०८ चंही तसंच आहे. फरक एवढाच, की तिथे गटाच्या जागी मोठी कंपनी आहे.

मग सरकारने हे काम स्वतःच का केलं नाही? एका दवाखान्याची एक गाडी असली आणि ड्रायव्हर रजेवर गेला, की गाडी उभी. शेजारच्या गावातली गाडी रिकामी असली तरी ते कळायला मार्ग नाही. १०८ मध्ये राज्यातले सगळे फोन पुण्यातल्या एका केंद्रात जातात. कोणती गाडी जवळ आहे ते तिथे कळतं आणि तीच पाठवली जाते. माणसं पाळीने, दिवसरात्र कामावर. अशी १०८ ची सेवा देशात पहिल्यांदा २००५ मध्ये हैदराबादला सुरू झाली, तीही सरकार आणि खासगी संस्था यांच्या मेळातून.

पण कंपनी आली की काम आपोआप सुधारतं, असंही नाही. विजेचं उदाहरण घ्या. भिवंडीत वीजगळती, चोरी आणि थकलेली बिलं मिळून निम्म्याहून जास्त विजेचे पैसे बुडत होते. २००७ मध्ये तिथलं वीजवाटप महावितरणने टोरंट कंपनीकडे दिलं. मीटर बदलले, ट्रान्सफॉर्मर सुधारले आणि नुकसान खूप कमी झालं. तेच काम औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०११ मध्ये जीटीएल कंपनीला दिलं. तिने महावितरणचे पैसे थकवले आणि २०१४ मध्ये महावितरणने काम परत घेतलं. पद्धत एकच, पण एका शहरात जमलं, दुसऱ्यात फसलं. म्हणून करारात काय लिहिलंय आणि ते पाळलं जातंय का, यावर कोणाचं तरी लक्ष असावं लागतं.

१०८ वर ते लक्ष सरकारने ठेवायचं आहे, पण डोळे आपलेही हवेत. ग्रामीण भागात फोन केल्यापासून ३० मिनिटांत गाडी पोचावी, असं उद्दिष्ट आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या पाड्यांवर घाटरस्ता आणि पावसाळा, तेव्हा हे किती वेळा जमतं? आपण वेळ लिहून ठेवली, तरच सांगता येईल. "गाडी लवकर येत नाही" असं नुसतं म्हटलं तर कोणी ऐकत नाही. "फोन रात्री १ वाजून १० मिनिटांनी केला, गाडी २ वाजून २० मिनिटांनी आली" असं लिहून दिलं, तर उत्तर द्यावं लागतं. आणि एक गोष्ट कंपनीच्या हातात नाही. गाडी वेळेवर आली, पण रुग्णालयात डॉक्टर नसला किंवा पाड्याला रस्ताच नसला, तर तो जाब सरकारलाच विचारायचा.

आता गटाने काय करायचं ते सांगते.

अपघात, सर्पदंश, छातीत कळ, बाळंतपणातली गुंतागुंत अशा वेळी १०८ लावा. गाव, तालुका आणि ओळखीची खूण सांगा. फोन चालू ठेवा आणि एका माणसाला बॅटरी घेऊन रस्त्यावर उभं करा. गरोदर बाईला प्रसूतीसाठी सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी असते, तीही मोफत. आशाताईंना आधीच सांगून ठेवा.

गटाच्या वहीत एक पान १०८ साठी ठेवा. तारीख, फोनची वेळ, गाडी आल्याची वेळ, कोणत्या रुग्णालयात नेलं आणि कोणी पैसे मागितले का, एवढ्या पाच गोष्टी लिहा. तीन महिन्यांनी ग्रामसंघाने सगळ्या गटांची पानं एकत्र करावीत. ती गावच्या आरोग्य, पोषण व पाणीपुरवठा समितीत आणि ग्रामसभेत मांडावीत. एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी.

कर्जाच्या एकेका हप्त्याचा हिशेब आपण चोख ठेवतो. १०८ चे पैसेही आपल्याच करातून जातात. त्याचाही हिशेब आपल्या वहीत असू द्या. येत्या बैठकीत हे पान नक्की उघडा.