जाड दोर म्हणजे भक्कम दोर?

पावसाळ्याच्या तोंडावर पाचगणीत सिल्व्हर ओकच्या फांद्या उतरवायची घाई सुरू होते आणि दरवर्षी तेच कानावर येतं, "दोर जाड घ्या, मग काळजी नाही." बंगलेवाले म्हणतात, दुकानदार म्हणतात, झाडावर चढणारेही म्हणतात. हे साफ चूक आहे.

खोडाभोवती फिरवून हार्नेसला अडकवायचा आखूड दोर, म्हणजे लॅनयार्ड, माणसाला जागेवर धरून ठेवतो. पडणाऱ्याला झेलणं हे त्याचं काम नाही. कमी ताणणाऱ्या सुरक्षा दोरांच्या ईएन १८९१ या युरोपीय मानकात 'ए' प्रकारच्या दोराने २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलोंचा भार सोसावा लागतो. त्या प्रतीचा ११-१२ मिलिमीटरचा दोर पुरतो. ढिला सोडलेला लॅनयार्ड हिसक्याने ताणला गेला, तर दोर शाबूत राहील, कंबर नाही.

जाडीचा हट्ट आणखी एका ठिकाणी घात करतो. लांबी कमीजास्त करायला लॅनयार्डवर प्रुसिक गाठ मारतात. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१ मध्ये मांडली. गाठीची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक असेल, १२ मिलिमीटरवर ८ची, तरच ती आवळते. 'मजबुतीसाठी' दोन्ही सारख्या जाडीच्या घेतल्या की गाठ सरकते, आणि गाठीबरोबर माणूसही!

जाडीऐवजी दोर कशाचा आहे ते विचारा. 'नायलॉन' म्हणून मिळणारा दोर बरेचदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तुकडा बादलीत टाका. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. ते उन्हाने लवकर ठिसूळ होतं आणि सुमारे १६५ अंशांना वितळतं, त्यामुळे सरकत्या गाठीखाली ते नकोच. लांबीही झाड बघून ठरवा. दोन फूट व्यासाच्या खोडाचा घेरच सव्वासहा फूट भरतो, म्हणून दहा-बारा फूट दोर घ्या आणि मोकळ्या टोकाला अडसर गाठ मारा, म्हणजे प्रुसिक निसटणार नाही.

आत तार असलेला दोर कापला जात नाही? चेन सॉ तोही कापते, शिवाय विजेच्या तारांजवळ तो जीवघेणा.

गाठीने दोर कमजोर होत नाही? होतो, पाव ते तिसरा हिस्सा.

लॅनयार्ड असला की वर फांदीला अडकवलेला चढाईचा दोर नको? करवत चालवताना दोन्ही हवेत.

बंगलेवाल्यांनो, छाटणीचा दर ठरवताना दोर आणि हार्नेसचा खर्च त्यात धरा. तो चढणाऱ्याच्या मजुरीतून कापू नका.