हवाई मालाचे वजन, भाडे आणि मांडणी

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रसायने, ठाण्याच्या वागळे इस्टेटीतील यंत्रभाग आणि भिवंडीच्या गोदामांतील तयार माल विमानाने परदेशी रवाना होतो तो मुख्यतः मुंबईच्या सहार मालसंकुलातून.

• आकारणीचे वजन : प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे. ६,००० घन सेंटिमीटर म्हणजे १ किलो, हा आंतरराष्ट्रीय प्रघात. ६० × ५० × ४० सेंटिमीटरचे खोके काट्यावर १२ किलो भरले, तरी आकारणी २० किलोंची.

• दरांचे टप्पे : सामान्यतः ४५, १००, ३०० व ५०० किलो. टप्प्यागणिक किलोचा भाव उतरतो. सबब ४२ किलोंच्या मालास ४५ किलोंचे भाडे पुष्कळदा स्वस्त पडते.

• महसूल-व्यवस्थापन : प्रवासी विमानाच्या पोटात मालासाठी किती जागा उरेल हे प्रवाशांचे सामान व इंधन निश्चित झाल्यावाचून नक्की कळत नाही, आणि आगाऊ नोंदलेला सगळाच माल वेळेवर दाखल होत नाही, म्हणून काही जागा करारान्वये, काही चालू भावाने, तर थोडी क्षमतेबाहेरही विकली जाते. जड धातू व हलके कपडे यांची सांगड घालून वजन आणि घनफळ या दोन्ही मर्यादा एकदमच गाठणे, हे यातील खरे कसब.

• भारनियोजन : विमानाचा गुरुत्वमध्य विहित मर्यादेत राखणे. त्याचा दाखला म्हणजे भारपत्रक. ते वैमानिकाच्या मान्यतेशिवाय पुरे होत नाही.

• धोकादायक माल : काही रसायनांना प्रवासी विमानात मज्जाव. त्यांच्या पेट्यांवर ‘केवळ मालवाहू विमान’ या अर्थाची नारिंगी चिठ्ठी लागते.