चिंचेखाली गवत का खुरटते?

चिंचेखाली झोपू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगतात. तिथे भूत असते म्हणे. भुताचे सोडा, पण चिंचेखाली गवत नीट वाढत नाही, हे निरीक्षण खरे आहे. जपानमधल्या संशोधकांनी चिंचेची पाने आणि मुळे घेऊन लेट्यूसच्या कोवळ्या रोपांवर प्रयोग केले, तेव्हा त्या रोपांची वाढ खुंटली. पानांतून, मुळांतून, कुजणाऱ्या पाचोळ्यातून झाड काही द्रव्ये मातीत सोडते आणि शेजारच्या रोपांना त्रास होतो. हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने १९३७ साली या प्रकाराला ‘ॲलेलोपॅथी’ हे नाव दिले. नाव मिळाले आणि गैरसमजही वाढले. वेवजी, तलासरी, डहाणू हा पालघर जिल्ह्यातला भात, गवत, चिकू आणि सागाचा पट्टा डोळ्यांपुढे ठेवून त्या गैरसमजांतले काही तपासू.

‘झाडाखाली जमीन उघडी पडली, म्हणजे झाड विष सोडते’

सर्वांत पक्का रुजलेला गैरसमज हाच आहे, आणि त्यात नामवंत शास्त्रज्ञही अडकले. कॅलिफोर्नियात सेजच्या सुगंधी झुडपांभोवती उघड्या जमिनीचा पट्टा दिसतो. सी. एच. म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली मांडले की झुडपातून उडणाऱ्या सुवासिक द्रव्यांमुळे तिथले गवत मरते. प्रयोगशाळेत ती द्रव्ये बी रुजू देत नव्हती, त्यामुळे म्हणणे पटण्यासारखे होते. १९७० साली बार्थोलोम्यू यांनी एक साधी गोष्ट केली. त्या उघड्या पट्ट्यात जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्याच्या आत गवत उगवले! झुडपाच्या आडोशाला राहणारे उंदीर आणि इतर छोटे प्राणी बी आणि कोंब खाऊन टाकत होते. द्रव्ये होतीच, पण जमीन उघडी पाडण्यात मोठा हात उंदरांचा होता.

आपल्याकडे बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात जमिनीवर सुयांसारख्या पानांचा जाड थर असतो आणि त्यातून फारसे काही वर येत नाही. सुरूच्या पाचोळ्यात रोपांना रोखणारी द्रव्ये आहेत. पण तिथे सावली आहे, वाळू निकस आहे, खारा वारा आहे, आणि पाचोळ्याच्या त्या थरातून रोपाचे मूळ मातीपर्यंत पोचायलाही हवे. सागाखालीही मोठाल्या पानांचा पाचोळा आणि सावली आधी मोजावी. बांधावर निलगिरी लावली की शेजारच्या ओळी खुरटतात, ही तक्रार खोटी नाही. पण त्यात पाण्याची ओढ किती, सावली किती आणि पानांतल्या तेलाचा वाटा किती, हे नुसते बघून सांगता येत नाही. आपल्या मुसळधार पावसात उताराच्या, निचऱ्याच्या जमिनीतून ही द्रव्ये लवकर वाहून जातात, मातीतले जिवाणू बाकीची मोडून टाकतात. पाणी धरणाऱ्या चिकण जमिनीत ती जास्त टिकतात. म्हणून एकाच झाडाबद्दल दोन गावांत दोन मते असली, तर दोन्ही गावे खरे बोलत असू शकतात.

‘असले उद्योग फक्त तणे करतात’

हा तर भाताचा अपमान झाला. भाताची मुळे मोमिलॅक्टोन नावाची द्रव्ये सोडतात. १९७३ साली जपानी शास्त्रज्ञांना ती प्रथम भाताच्या तुसात सापडली. नंतर कळले की शेजारी पाखड हे तण असेल तर भात मोमिलॅक्टोन जास्त सोडतो. अमेरिकेत आर्कान्सासमध्ये रॉबर्ट डिल्डे यांनी १९८० च्या दशकात भाताचे हजारो वाण तपासले. त्यांतल्या थोड्याच वाणांनी भोवतालचे पाणतण मागे रेटले. याचा अर्थ आपल्या खाचरातले तण भातच आवरतो, असा काढू नका. तिथे मोठे काम चिखलणी आणि उभे पाणी करते. रोपवाटिकेत तण कमी दिसते ते राबामुळे: पाला-शेण जाळल्याच्या उष्णतेने मातीच्या वरच्या थरातले तणाचे बी मरते. मॅन, जोशी आणि कानिटकर यांनी १९१२ सालीच या राब पद्धतीवर शास्त्रीय लेखन प्रसिद्ध केले होते.

भाताचे हे हत्यार भातावरही उलटते. पाणी साचलेल्या खाचरात पेंढा कुजू लागला की फिनॉल गटातली आम्ले तयार होतात आणि नवी रोपे पिवळी, खुरटी राहतात. तैवानमध्ये दुसऱ्या हंगामातले भाताचे उत्पन्न पहिल्यापेक्षा कमी का येते, याचा शोध घेताना चौ आणि लिन यांना १९७० च्या दशकात हेच कारण हाती लागले. पेंढा गाडायचा तर लावणीच्या बऱ्याच आधी गाडावा, तो कुजायला अवधी द्यावा.

‘नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे’

गाजरगवत हातमोज्यांशिवाय उपटणाऱ्याला हे समजावण्याची गरज नाही. त्यातले पार्थेनिन शेजारच्या पिकाला रोखते आणि माणसाच्या कातडीला खाज, पुरळ आणते. (हे गवत पीएल-४८० करारानुसार अमेरिकेतून आलेल्या गव्हातून आले, अशी आख्यायिका आहे. तो करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यात गाजरगवत त्याआधीच दिसले होते.) गाजरगवतावर उतारा मात्र आपल्या पावसाळी भाजीत आहे. टाकळा दाट उगवला की गाजरगवत मागे हटते. त्यात गर्दी आणि सावली आहे, शिवाय टाकळ्यातून झिरपणारी द्रव्येही आहेत.

‘पाला उकळून फवारला की तणनाशकाची गरज नाही’

पाल्याच्या अर्काने तण थोडे दबते. थोडेच. अडचण मात्रेची आहे. बागांमध्ये लाल ब्रशसारख्या फुलांचा बॉटलब्रश असतो. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की त्याच्याखाली तण कमी आहे. त्यातून लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य सापडले. तण पांढरे पडून मरत होते खरे, पण त्यासाठी द्रव्य इतके लागायचे की शेतात परवडले नसते. रेणूत बदल करत करत कितीतरी पटींनी प्रभावी मेसोट्रायोन तयार झाले आणि २००१ च्या सुमारास मक्यासाठी बाजारात आले. झाडाने दिशा दाखवली, पुढचे काम कारखान्याने केले. घरच्या पातेल्यातल्या काढ्याकडून तेवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आपल्या बांधावरच्या झाडाबद्दल शंका असेल, तर झाडाखालची माती आणि दहा-पंधरा पावले दूरची, तशाच प्रकारची माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरा. दोन्हींत एकच बी पेरा, ऊन आणि पाणी सारखे द्या. झाडाखालच्या मातीतली रोपे दूरच्या मातीतल्या रोपांइतकीच तरारली, तर दोष सावलीचा किंवा पाण्याच्या ओढीचा असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर फांद्या छाटणे किंवा बांधालगत चर खणून मुळे तोडणे हा उपाय आहे. कुंडीतही रोपे खुरटलीच, तर आधी मातीची तपासणी करून अन्नद्रव्ये बघून घ्या, मग झाडावर आळ घ्या.